लेकराची ताटी

आपल्या संप्रदायात विठोबास माउली म्हणतात, ज्ञानोबारायांस माउली म्हणतात आणि वारीच्या वाटेवर तांब्याभर पाणी देणाऱ्या अनोळखी माणसासही माउलीच म्हणतात. मायलेकराचे नाते हे आपल्या परमार्थाचे मापच होय. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात महाराजांनी श्रोत्यांची मनधरणी करताना, मूल बोबडे बोलले तरी आईबापांस त्याचा संतोषच होतो, हा दाखला घेतला आहे. नवव्या अध्यायाच्या आरंभीही तोच धागा पुन्हा हाती धरला आहे. एवढा थोर वक्ता स्वतःस बोबडे लेकरू म्हणवितो आणि श्रोत्यांकडे मागतो काय, तर अवधान. तेव्हा आज जो विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत तो संसाराचा दिसला तरी परमार्थाबाहेरचा नव्हे. घरातले चार-पाच वर्षांचे पोर रडते, रुसते, हातपाय आपटते किंवा एकाएकी मुके होते, तेव्हा त्यास आपण अवधान देतो काय?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो भोर आणि वेल्हे ह्या दोन तालुक्यांतील वाड्यांवरून. (वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले आहे, पण माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आम्हीही तेच लिहितो.) हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, हा सारा भाताचा मुलूख. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीस आळंदीहून माउलींची पालखी निघते, आणि त्याच सुमारास मावळात पाऊस धरतो. आषाढ लागला की लावणी. घरात माणूस पुरत नाही. बाप पुण्या-मुंबईस चाकरीला, आई चिखलात, आणि आजी गळ्यात माळ घातलेली, नेमाची, ती वारीला. अशा दिवसांत लहान पोराचे ऐकायला घरात उरते कोण? थोरली बहीण, आणि ती स्वतःच आठ-नऊ वर्षांची असते.

त्यातून पुष्कळ घरांत आजी निघते ती पोराची नजर चुकवून. "झोपलंय तवर निघते गं बाय, उठलं तर पाय सोडायचं न्हाय," असे सुनेस हळूच सांगते आणि पहाटेच्या गाडीने जाते. पोर उठते. आजीची पिशवी खुंटीला नसते, पताका नसते. "आजी कुटं हाय?" "दुकानात गेलीया, खाऊ आणाया." दुकानात गेलेली आजी तीन आठवडे येत नाही. ह्यात कोणाच्या मनात पाप नसते, हे आम्ही जाणतो. पण पोराच्या मनात काय बसते ते पाहा. आपला डोळा लागला की आपले माणूस नाहीसे होते, एवढेच त्यास कळते. मग ते रात्री आईचा पदर मुठीत धरून निजते, दिवसा तिला बांधावर जाऊ देत नाही, आणि शेजारीण म्हणते, "लई लाडावलंय."

आजी परत येते. पिशवीत चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीची माळ. पोर मात्र खांबाआड उभे राहते, जवळ येत नाही. "बघा, एवढं आणलं तर फिरकत न्हाय माझ्याकडं," म्हणून म्हातारी दुखावते. पोरही दुखावलेले आहे. त्याने आपली ताटी लावून घेतली आहे.

ताटीची कथा वारकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. ज्ञानेश्वर महाराज कोणाच्या तरी कुत्सित बोलण्याने खिन्न होऊन आले आणि झोपडीची ताटी आतून लावून बसले. बाहेर मुक्ताई. रूढ सनांप्रमाणे महाराजांचा जन्म १२७५ चा आणि मुक्ताईचा १२७९ चा, म्हणजे चार वर्षांनी धाकटी बहीण. आईबाप गेलेले. मुक्ताबाईच्या नावे आपण जे ताटीचे अभंग म्हणतो ते ह्या प्रसंगाचे. त्यांतून कीर्तनकार शांतीचा आणि क्षमेचा बोध काढतात, तो योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या मुलीची रीत पाहावीशी वाटते. ती ताटी ढकलीत नाही. दाराबाहेर उभी राहते आणि बोलत राहते. उपदेशही करते, पण लाडाच्या सुरात, आणि पुन्हा पुन्हा त्याच एका विनवणीवर येते. कडी आतल्या बाजूस आहे आणि ती आतल्यानेच काढावयाची आहे, हे तिला ठाऊक आहे. आपण घरी काय करतो? "रुसलाय? रुसू दे, भूक लागली की येईल." भूक लागली की पोर येते हे खरे. पण ते भाकरीसाठी येते; मनातले मनातच राहते.

कोणी म्हणेल, मुलांना राग येऊ द्यावा, हे शिकवणे संतांच्या शिकवणुकीविरुद्ध नाही काय? आम्हांस तसे वाटत नाही. जनाबाई विठोबावर चिडल्या तेव्हा त्यांनी त्यास चांगल्या खरमरीत शिव्या दिल्या, आणि ते अभंग आपण आजही म्हणतो. नामदेवराय देवाशी भांडले. चोखोबांनी आपले दुःख देवापुढे उघडे केले. ज्या संप्रदायात देवावर रागावता येते, त्या संप्रदायातील घरात आईवर रागावलेल्या पोराला "पाप लागेल, जीभ झडेल" असे भिववावे, हे आम्हांस विसंगत वाटते. राग येणे निराळे आणि रागाने धाकट्या भावाच्या डोक्यात दगड घालणे निराळे. दगड घालणारा हात धरावा, घट्ट धरावा, आणि हात धरूनच म्हणावे, "तुला लई राग आलाय, कळतंय मला. कशाचा आला ते सांग."

"कशाचा आला ते सांग" म्हटले की पोर सांगेलच असे नाही, कारण त्याच्याजवळ शब्द नसतो. आणि येथे आमची मराठी किती श्रीमंत आहे! रुसवा, फुगवा, हिरमोड, धास्ती, हुरहूर, चीड, हेवा, खंत, शरम, कंटाळा, धाकधूक. प्रत्येकाची चव वेगळी. इतके शब्द घरात असून लहान मुलाच्या वाट्यास आपण दोनच देतो: 'रडका' आणि 'शहाणा'. वर्षा-दीड वर्षापासून मूल नावे शिकते. गायीला गाय, चुलीला चूल म्हणू लागते. तसेच मनाच्या गोष्टींची नावेही त्यास द्यावी लागतात, ती आपोआप येत नाहीत. जत्रेला जायचे ठरले आणि पावसाने ओढ्याला पाणी आले, तर म्हणावे, "तुझा हिरमोड झाला." आजी वारीला गेल्यावर संध्याकाळी पोर उगाच किरकिर करते, तेव्हा म्हणावे, "तुला हुरहूर लागलीया. मला बी लागलीया." शब्द मिळाला की पोराचे अर्धे ओझे उतरते, कारण ह्या गोष्टीस नाव आहे, म्हणजे ती दुसऱ्यासही होते, एवढे त्यास कळते.

आता वारीस निघणाऱ्या आजी-आजोबांस, आणि पोरे घरी ठेवून जाणाऱ्या आईबापांस आमचे सांगणे. सांगून निघावे. आदल्या दिवशी सांगावे, निघताना पुन्हा सांगावे, पोर रडले तर रडू द्यावे. उघड्या निरोपाचे रडणे थोड्या वेळात ओसरते. चोरून गेलेल्याची धास्ती महिना महिना राहते. माउलींच्या पालखीचे मुक्काम आपणांस तोंडपाठ असतात. तितके खडे नदीतून आणावेत आणि पोराकडून ओसरीवर ओळीने मांडून घ्यावेत: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. पुण्याला आणि सासवडला पालखी एक रात्र जास्त थांबते, तेथे दोन खडे. आणखी कोठे जास्त मुक्काम असेल तर त्या वर्षीचे पत्रक पाहून तेथेही. रोज दिवेलागणीला पोराने एक खडा उचलून डब्यात टाकावा. आजी कोठपर्यंत पोचली हे त्यास दिसते. वाल्ह्यानंतर लोणंदच्या वाटेवर नीरा लागते आणि तेथे माउलींच्या पादुकांना स्नान घडते. ती नीरा आपल्या भोरच्या डोंगरांतून निघालेली. वेळवंडी तिला मिळते, वेल्ह्याच्या कानंदीचे पाणी गुंजवणीत आणि गुंजवणीचे नीरेत जाते. त्या दिवशी पोराला ओढ्यावर न्यावे आणि सांगावे, "हेच पाणी आज आजीच्या पायाला लागतंय." रात्री फोन लावून दोन शब्द बोलता आले तर आणखी बरे. पण फोनवर "काय करतोस, जेवलास का, शहाण्यासारखा राहा" एवढ्यावर न थांबता, त्याने काय सांगितले ते ऐकावे.

फोनाचा विषय निघाला म्हणून लिहितो. रडते पोर गप करण्यास मोबाईल हातात देण्याची चाल आता मावळातल्या शेवटच्या घरापर्यंत गेली आहे. पोर गप होते, नाही असे नाही. पूर्वी 'बागुलबुवा येईल' म्हणून गप करीत, आता चित्र दाखवून करतात. दोन्हींत पोराचे म्हणणे काय होते ते कोणी विचारलेले नसते.

आई जवळ नसली म्हणजे पोराचे सारे संपले, असे मात्र कोणी समजू नये. ह्याच मुलुखातील दाखला आहे. शंभूराजांचा जन्म १६५७ साली पुरंदरावर झाला. सईबाईसाहेबांची प्रकृती ठीक नव्हती, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ ह्यांनी बाळाला दूध दिले. कापूरहोळ भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर आहे. पुढे १६५९ साली सईबाईसाहेब राजगडावर वारल्या. शंभूराजे तेव्हा दोन वर्षांचे. त्यांना जिजाऊसाहेबांनी वाढविले. म्हणजे एका शेतकऱ्याच्या घरची बाई आणि एक आजी, ह्या दोघी त्या लेकराच्या माउली झाल्या. आज ज्या आजी नातवंडे सांभाळतात त्यांनी आपल्यास 'नुसती राखण करणारी' समजू नये.

कीर्तनाविषयीही एक गोष्ट मनात आहे. गोरोबाकाकांची कथा आपण तन्मयतेचा कळस म्हणून सांगतो: भजनात देहभान हरपले आणि तुडवताना तान्हे मूल चिखलात गेले. मोठी माणसे डोळे पुसतात. मांडवात पुढे बसलेली पाच-सहा वर्षांची पोरे मात्र ते मूल होऊन ऐकतात. एका सप्ताहात आम्ही पाहिले, एक पोर आजोबांचे धोतर ओढून विचारीत होते, "मंग त्ये मेलं?" आजोबा म्हणाले, "गप, कीर्तन चाललंय." त्या रात्री ते पोर झोपले असेल काय? ही कथा सांगू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण पुढे नामदेवरायांच्या कीर्तनात देवाने ते बाळ परत दिले, तो भाग घाईने उरकू नये, आणि घरी गेल्यावर पोराला जवळ घेऊन विचारावे, भीती वाटली का. नाथमहाराजांची पैठणची कथा अशा वेळी सांगण्यासारखी आहे. गोदावरीच्या तापल्या वाळूत महाराचे लेकरू रडत होते. नाथांनी आधी त्यास कडेवर घेतले, आणि मग ते कोणाचे, कोठले, ही चौकशी केली.

आता प्रत्येक पोराच्या निराळेपणाविषयी. काल्याच्या कीर्तनात आपण पेंद्या, वाकड्या, बोबड्या ही नावे घेतो, सोंगे आणतो, लोक हसतात. हसू दे. पण कथा काय आहे? पायाने अधू असलेला आणि धड न बोलता येणारा गडीही त्या मेळ्यात आहे, आणि त्याची शिदोरी देव मागून घेतो. काला होतो तो सर्वांच्या निरनिराळ्या शिदोऱ्यांचा. सगळ्यांनी दहीभातच आणला असता तर काला कशाचा झाला असता? आपल्या संतमंडळीतही सावतोबांनी मळ्याचे शब्द आणले, सेना महाराजांनी आपल्या धंद्याचे, गोरोबांनी मडक्याचे, नरहरी सोनारांनी बागेसरीचे. कोणी कोणास 'तू त्याच्यासारखे बोल' म्हटले नाही. घरी मात्र आपण दिवसातून चार वेळा म्हणतो, "त्या शेजारच्या पोरीसारखी का नाहीस तू?"

डावखुरे पोर असले की प्रसादाला डावा हात पुढे करते आणि हातावर फटका बसतो. प्रसाद उजव्या हाताने घ्यावा हे सवयीने सांगावे. पण लिहिण्यास, विळा धरण्यास त्याचा जो हात आहे तो त्यास असू द्यावा. मेंदूची ठेवणच तशी असते, त्यात हट्ट किंवा अवलक्षण काही नाही. एखाद्याला टाळ धरून पुढे उभे राहायला आवडते, एखादे मांडवाच्या मागे बसून नुसते ऐकते. मागचे पोर पुढे ढकलू नये. एखादी मुलगी पखवाजापाशी घुटमळते. तिला पखवाज द्यावा.

बोबडे आणि अडखळत बोलणाऱ्यांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. दोन ते पाच ह्या वयात कित्येक मुले बोलताना अडखळतात, आणि पुष्कळांचे ते आपोआप जाते. अशा वेळी "सावकाश बोल", "आधी नीट विचार कर" असे टोकणे, त्याचा शब्द आपणच पुरा करणे, किंवा गमतीने नक्कल करणे, ह्याने अडखळणे वाढू शकते. आपण स्वतः सावकाश बोलावे आणि त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे. दोन वर्षांचे झाले तरी मूल शब्द जोडीत नसेल, हाकेला वळत नसेल, अडखळणे महिनोन्महिने टिकत असेल, तर 'बाप बी उशिराच बोलला' म्हणून स्वस्थ बसू नये. कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीस येते, तेव्हा ताईंना सांगून ठेवावे.

अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडकांचा. त्यांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना महाराष्ट्रात हेच नाव मिळाले. अनुताई मूळच्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या, हे येथे नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो.

वेल्ह्याच्या वाड्यांवर आज प्रश्न उलट आहे. कित्येक शाळांत पाच-सात मुलेही उरली नाहीत. पानशेतच्या परिसरातील अशा शाळांची मुले एकत्र करून तेथे समूह शाळा झाली, आणि २०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने हा विचार पुढे आणला तेव्हा तोरणमाळबरोबर पानशेतचेच उदाहरण दिले. शाळा लहान असावी की मोठी, ह्या वादात आम्ही येथे पडत नाही. पण जे पोर कालपर्यंत वाडीतल्या चार पोरांत आपल्या बोलीत बोलत होते, ते गाडीत बसून मोठ्या वर्गात जाते आणि 'न्हाय', 'हाय' म्हणताच मागून हशा पिकतो. पोर मुके होते. घरी विचारले, "शाळेत काय झालं?" तर "काय न्हाय." ह्या 'काय न्हाय'ला फसू नये. आल्याबरोबर प्रश्नांची सरबत्ती करण्यापेक्षा भाकरी थापताना शेजारी बसवून घ्यावे. तोंडाकडे न पाहता, हाताने काम करताना पोर जास्त बोलते. त्याची बोली चुकीची नाही हे त्यास स्पष्ट सांगावे. ज्ञानेश्वरी ज्या काळात झाली त्या काळी मराठीलाही विद्वान हसतच होते.

दुसरी बाब अधिक गंभीर. ज्या घरात प्रत्येक गोष्टीला 'गप बस' हेच उत्तर, त्या घरातले मूल कोणी त्याच्या अंगास वाईट हात लावला तरी गप बसते. सप्ताह, जत्रा, वारी, सगळीकडे गर्दी असते आणि अंगावर माळ असलेला प्रत्येक जण साधू असतोच असे नाही. मुलाने असे काही सांगितले तर "खोटं बोलू नको" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नयेत. लहान नामदेवाने 'देव जेवला' असे घरी सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. तरी वडील त्याच्याबरोबर पाहावयास गेले, अशी कथा आहे. तेवढे तरी आपण करावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन रात्रंदिवस चालतो आणि २०१२ चा कायदा मुलाच्या बाजूचा आहे. शाळेत मारण्यासही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे.

आणखी एक सूचना करून हा लेख पुरा करतो. वाडीवरच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी हंडी फुटण्यापूर्वी कीर्तनकारांनी थोडा वेळ पोरांना द्यावा. प्रत्येकाने घरून आपली शिदोरी आणावी, मुलींनीही, आणि पुढे येऊन, आपल्या बोलीत, मी काय आणले आणि हेच का आणले, एवढे सांगावे. मोठ्यांनी मधे बोलू नये, शब्द सुधारू नयेत, हसू नये. कोणी लाह्या आणील, कोणी कैरीचे लोणचे, कोणी मूठभर चुरमुरे. एखादे पुढे येईल आणि नुसते उभे राहील. त्याला तसेच उभे राहू द्यावे आणि त्याच्या हातातले घेऊन काल्यात घालावे. एखादे म्हणेल, "म्या काय बी आणलं न्हाय, आई लावणीला गेलीया." तेही ऐकून घ्यावे, आणि पहिला घास त्यास द्यावा.

रामकृष्णहरि.